गटारीतले थांबलेले पाणी

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात एकच प्रश्न होता: सामान वर न्यायचे की नाही? वडील ठाम होते. "२००५ ला पायरीखालीच थांबलं पाणी. उगंच घाई करू नकोस." त्यांच्या बोलण्याला अनुभवाचा आधार होता, माझ्याकडे दुपारपासून पोटात पडलेल्या खड्ड्याशिवाय काहीच नव्हते, आणि तो पुरावा म्हणून मांडायचा कसा, या संकोचापायी मी गप्प बसलो. पहाटे पाणी उंबरठ्याला लागले. पुढे बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातली शेताची कागदपत्रे, आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम, सगळ्याचा लगदा झाला.

चिखल उपसताना मला एक गोष्ट आठवली. आमच्या कोपऱ्यावरची गटार जयंती नाल्याला मिळते. नदी चढली की नाल्याचे पाणी पुढे जाईनासे होते आणि त्याची फूग मागे सरकत गल्लीपर्यंत येते. त्या दुपारी दूध आणायला जाताना गटारीत झेंडूचे एक फूल मला दिसले होते; ते वाहत नव्हते, जागच्या जागी गिरक्या घेत घेत नाल्याच्या उलट दिशेला, म्हणजे आमच्या दाराकडे, सरकत होते. मी ते पाहिले आणि विसरून गेलो. पोट मात्र विसरले नव्हते.

आतला आवाज म्हणतात तो मला तेव्हापासून दैवी वगैरे वाटत नाही. डोळ्यांनी टिपलेले आणि बुद्धीने अजून हिशेबात न धरलेले असे काहीतरी तो सांगत असतो. आईच्या माहेरी देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडली की होकार. पाकळी पडण्याआधी मनाला जे वाटते तेच खरे उत्तर, असे आई म्हणते, पण ते मला पूर्ण पटत नाही, कारण २०१९ साली पाणी येऊ नये असेच आम्हा सगळ्यांना वाटत होते आणि त्या वाटण्यानेच आमचा घात केला.

जुलै २०२१ मध्ये तीच अस्वस्थता पुन्हा आली. या वेळी ती दाबून न टाकता मी छत्री आणि बॅटरी घेऊन कोपऱ्यावर गेलो. पावसाचा जोर असूनही गटारीतले पाणी हलत नव्हते. परत येऊन मी कपाट रिकामे करायला घेतले. वडील काही बोलले नाहीत, फक्त कपाटाचे दुसरे टोक त्यांनी धरले. त्या पुरात पातळी ५६ फुटांवर गेली आणि भिंतीवरची २०१९ ची खूण पाण्याखाली गेली.

हे सगळे इथेच संपले असते तर मला फुशारकी मारता आली असती. पण जुलै २०२४ मध्ये पातळी धोक्याच्या वर गेल्याचे वाचताच मी अर्ध्या रात्री घरादाराला उठवले, वरच्या काकूंच्या खोलीत पलंगासकट सगळे चढवले, आणि पाणी आमच्या गल्लीत फिरकलेसुद्धा नाही. तेव्हा कोपऱ्यावर जाऊन पाहायचे माझ्याकडून राहून गेले होते; बोलत होती ती २०१९ ची भीती. चार दिवसांनी सामान खाली आणताना काकूंनी चहा दिला, वडिलांनी कंबर धरली, आणि कागदपत्रांची पेटी तेवढी आम्ही वरच ठेवली.