बझर वाजतोय पण पॅनेलवर एकही दिवा नाही

बोटीच्या मालकाचं फोनवरचं पहिलंच वाक्य असं होतं की दादा, फक्त येऊन ती अलार्मची वायर काढून द्या, बाकी इंजिन एकदम ओके आहे. मी म्हणलं वायर नंतर बघू, आधी मला सांगा तो वाजतो कधी. ते म्हणाले हळू चालवलं तर कधीच नाही, फुल थ्रॉटल दिला की पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो, स्पीड कमी केला की थोड्या वेळाने आपोआप बंद. टेंपरेचर गेज बघितलं तर काटा जागचा हललेला नाही. आधी आलेल्या मेकॅनिकने इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं पात्यांचं चाक) बदलला, थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला, शेवटी वायरिंगमध्ये शॉर्ट आहे म्हणाला आणि वायर काढून टाका असा सल्ला देऊन गेला. दुसऱ्या दिवशी यांना बायकापोरांना घेऊन बाहेर जायचं होतं, म्हणून घाई.

ते ऐकूनच मी त्या दिवसाची बाकीची कामं पुढे ढकलली. फक्त लोडवर, म्हणजे इंजिनवर जोर पडला की, येणारा आणि लोड काढला की जाणारा अलार्म हा शॉर्ट असण्याची शक्यता फार कमी असते. शॉर्ट झालेली वायर आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) बघत नाही, ती हादऱ्याने वाजते, ओलाव्याने वाजते, कधी उभ्या बोटीतही वाजते. इथे तर वेळ ठरलेली, कारण ठरलेलं, म्हणजे काहीतरी खरंच तापत होतं.

बोट इनबोर्ड डिझेल, म्हणजे इंजिन बोटीच्या आतच बसवलेलं, दोन सर्किटचं कूलिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, इंजिनच्या आत कूलंट फिरतं, गाडीत फिरतं तसंच, फक्त रेडिएटर नसतो. त्याच्या जागी हीट एक्स्चेंजर असतो आणि त्यात कूलंटची उष्णता बाहेरून खेचलेलं पाणी घेऊन जातं. हे पाणी बोटीच्या तळाच्या सीकॉकमधून (तिथल्या व्हॉल्व्हमधून) येतं, स्ट्रेनर नावाच्या गाळणीतून गाळून रबरी इम्पेलरच्या पंपात जातं, तिथून एक्स्चेंजरमध्ये, आणि शेवटी मिक्सिंग एल्बोमध्ये (वाकड्या पाइपात) एक्झॉस्टच्या गॅसमध्ये मिसळून मागून बाहेर पडतं. हे शेवटचं मिसळणं लोक विसरतात. डिझेलचा गॅस लोडवर चारशे अंशांच्या वरही जातो, आणि एल्बोच्या पुढचा होज, म्हणजे जाड नळी, असतो रबराचा! तो टिकतो तो केवळ त्या पाण्यामुळे.

जेट्टीवर पोचल्यावर आधी चावी फिरवली, इंजिन चालू न करता. बझर वाजला आणि ऑइल प्रेशरचा दिवा लागला, म्हणजे बझर, दिवा, वायर सगळं जिवंत. इंजिन चालू केलं, दोन्ही बंद झालं. ऑइल बाजूला काही घोळ नाही. मग मालकांना म्हणलं चला, बाहेर नेऊन वाजवून दाखवा. फुल थ्रॉटलला खरंच थोड्या वेळाने बझर सुरू झाला आणि मी पॅनेलकडे बघतोय तर ऑइलचा दिवा बंद, टेंपरेचरचा दिवा बंद, गेज ऐंशीच्या आसपास शांत. नुसता बझर. आधीच्या माणसाने इथेच शॉर्ट म्हणून निकाल लावला असणार, आणि खरं तर पॅनेलमागे बघायचं ते इथेच.

मी मागे वळून एक्झॉस्ट बघितला. पाणी पडत होतं पण निम्मंही नाही, आणि सोबत पांढरी वाफ. डिझेल नीट न जळल्याचा पांढरा धूर असतो तो वास मारतो आणि मागे लोंबत राहतो, ही मात्र दोन हातांवर विरून जात होती. स्पीड उतरवला, पाणी पुन्हा छान पडायला लागलं, बझर बंद.

परत येऊन पॅनेल उघडलं. बझरला एक तिसरी वायर निघाली, रंग वेगळा, बाकीच्या वायरिंगशी न जुळणारी, सरळ मागे गेलेली. तिच्यामागे रांगत इंजिनच्या पलीकडे गेलो तर एल्बोच्या पुढे एक्झॉस्ट होजवर पट्ट्याने आवळलेला एक छोटा टेंपरेचर स्विच. आधीच्या मालकाने कधीतरी बसवलेला, थेट बझरला जोडलेला, त्यासाठी वेगळा दिवा न देता. या मालकांना तो आहे हेच माहीत नव्हतं. ज्याने बसवला तो माणूस मला मनापासून आवडला. बाहेरचं पाणी कमी झालं की सगळ्यात आधी एक्झॉस्ट तापतो, कूलंट नंतर. इतकं कूलंट आणि इतकं लोखंड तापायला वेळ लागतो, शिवाय एक्स्चेंजरमध्ये थोडी क्षमता राखीव असते, त्यामुळे गेज शांतच राहतो. गेज खोटं बोलत नव्हता, तो दुसऱ्याच जागेचं टेंपरेचर सांगत होता.

आता पाणी कुठे अडतंय ते शोधायचं. पंप उघडला, इम्पेलर नवा, सगळी पाती जागेवर. जुन्या इम्पेलरची पाती तुटून एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असतात कधी कधी, म्हणून त्याचं झाकणही काढलं, साफ होतं. स्ट्रेनर साफ, झाकणाचा ओ-रिंग बरा. सीकॉकवरचा होज काढून क्षणभर उघडला तर पाणी उसळून वर आलं, तिथेही अडथळा नाही. मग पंपाच्या तोंडाला माझ्याकडचा होज लावला, दुसरं टोक पाण्याच्या मोठ्या बादलीत, आणि न्यूट्रलमध्ये आरपीएम वाढवला (पंप इंजिनच्या वेगावर चालतो, त्यामुळे ही टेस्ट उभ्या बोटीतही होते). बादली भराभर रिकामी, मागून जोरदार पाणी. परत जुना होज जोडला, तोच आरपीएम, पाणी बारीक. म्हणजे पंप आणि पुढचं सगळं निर्दोष, आणि उरला फक्त स्ट्रेनर ते पंप हा होज.

बाहेरून बघाल तर काहीच नाही. आत तार असल्याने आकार गोल, दाबला तर कडक, चिरा नाहीत. मी तो काढून उभा कापला. आतला रबराचा थर भिंतीपासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. कमी आरपीएमला ओढ कमी, ती भिंतीला टेकून राहायची आणि पाणी जायचं. फुल थ्रॉटलला पंपाने जोरात ओढलं की ती उठून वाट अडवायची. आणि इंजिन बंद करून फुंकून बघितलं तर हवा आरपार, म्हणून कुणाला सापडलं नसणार.

मालक तो कापलेला होज हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग मी त्यांना एक्झॉस्टचा होज दाखवला, स्विचच्या जवळ रबर कडक होऊन वर बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. वायर काढून ते असेच फुल स्पीडने जात राहिले असते तर एक दिवस हा होज जळून फुटला असता. मग धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या आत, आणि वर पंप ओढतोय ते पाणीही बाहेर न जाता बोटीत. त्यांच्या केबिनमध्ये पोरं झोपतात ती जागा बरोबर त्या होजच्या वर आहे. हे सांगताना माझाच आवाज जरा चढला, पण सांगणं भाग होतं. थकलेल्या माणसाला कटकट करणारी वायर काढा म्हणणं सोपं असतं, मला त्या सल्ल्याचा अजून राग येतो.

सक्शनचा, म्हणजे पंप पाणी ओढतो तो, होज त्याच दिवशी बदलला, तारवाला आणि सक्शनसाठीच बनवलेला, कारण डिलिव्हरीचा (पाणी पुढे ढकलण्याचा) साधा होज तिथे लावला तर ओढीने चपटा होतो. एक्झॉस्टचा होज हाताशी नव्हता, तो दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून फॅमिली ट्रिप पुढे ढकलायला लावली. मालक कुरकुरले नाहीत.

नवा एक्झॉस्ट होज बसवून बाहेर नेलं आणि फुल थ्रॉटलवर चांगला अर्धा तास पळवलं. मागून भरपूर पाणी, वाफ नाही, होजवर हात आरामात ठेवता येत होता. स्विच नव्या होजवर त्याच जागी पुन्हा आवळला, तिसऱ्या वायरला पॅनेलवर स्वतःचा दिवा जोडून दिला आणि खाली लेबल लावलं, एक्झॉस्ट. निघताना मालकांनी विचारलं हा दिवा लागला तर मी काय करायचं, म्हणलं थ्रॉटल लगेच खाली घ्या, मागे पाणी पडतंय का बघा, पडत नसेल तर इंजिन बंद करून नांगर टाका आणि मग मला फोन करा.