पाहुणे आले की केळकर म्युझियम

मे महिन्यात आमच्याकडे कोणी ना कोणी येतंच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ठरलेला प्रश्न, पुण्यात बघण्यासारखं काय आहे रे? शनिवारवाडा सगळ्यांचा झालेला असतो, सिंहगड म्हटलं की गुडघे आठवतात, मग मी म्युझियमचं नाव काढतो आणि तोंडं वाकडी होतात.

यावेळी नांदेडची आत्या होती. तिला बाजीराव रोडवर राजा दिनकर केळकर म्युझियमला नेलं (रिक्षानेच जा, पार्किंगच्या नादाला लागू नका). पाटी वाचून आत्या म्हणाली, "हे कुठले रे राजे?" हे सगळेच विचारतात. अहो राजेबिजे कोणी नाही, दिनकर केळकरांचा चष्म्यांचा धंदा होता, 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे, आणि १९२० च्या आसपास जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही. राजा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे सगळं. वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकल्या. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, तरी दोन तास कमी पडतात.

लोक मस्तानी महाल बघायला धावतात, कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून तो आत उभा केलाय, छान आहे, पण मला विचाराल तर खरी मजा अडकित्त्यांच्या कपाटापाशी. सुपारी कातरायची साधी वस्तू, तिला पण कोणी घोड्याचा आकार दिलाय, कोणी चक्क नवराबायको केलेत, दाबलं की जवळ येणारे! शेजारी पाय घासायच्या वज्र्या, दिवे, दौती. आत्या काचेला नाक लावून उभी. "अरे अस्सा होता आमच्याकडे, पितळेचा, तुझ्या आजोबांचा." मग कुठे गेला? "भांडीवालीला दिला, दोन स्टीलचे डबे घेतले." आणि तोंडावर पदर धरून हसायलाच लागली, गार्ड बघायला लागला.

बाकीचं पटकन सांगतो. लहान मुलं असतील तर कोथरूडचं जोशींचं रेल्वे म्युझियम, छोट्या गाड्या खऱ्याच धावतात, माझा भाचा तिथून निघायलाच तयार नव्हता. येरवड्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम फार कमी लोकांना माहीत असतं, तिथं इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत, तीनेक हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठी राहणारी माणसं, आपलेच शेजारी म्हणायचे.

आणि आगाखान पॅलेस. शाळेच्या सहलीत बघितला असेल तरी मोठेपणी परत जा. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथं स्थानबद्ध केलं, आठवड्याच्या आत त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत. पुढच्या लॉनवर लोकांचं फोटोसेशन चाललेलं असतं, मागं फारसं कोणी फिरकत नाही.

आत्याला आगाखान पॅलेसला न्यायचं राहिलंच, कारण केळकरमधून निघाल्यावर तिला तुळशीबागेत अडकित्ता हवा होता. चार दुकानं फिरलो. शेवटी एक स्टीलचा मिळाला, तिनं हातात घेऊन दोनदा उघडमीट केली आणि दुकानदाराला म्हणाली, "याला काही तोंडच नाही हो."