कोणाकडून?

गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचा रिपोर्ट हाती आल्यावर मला कर्करोगाची भीती वाटायला हवी होती. प्रत्यक्षात 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' या ओळीने जे झाले, ते भीतीपेक्षा अपमानाच्या अधिक जवळचे आहे. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू. तो शरीरसंबंधातून येतो, एवढे डॉक्टर मॅडमनी सांगितले आणि पुढचे माझ्या कानांवरून गेले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर तो आला कोठून? भाट्याचा पूल ओलांडताना मी स्कूटरवर मागे बसून ह्यांच्या कॉलरची उसवलेली शिवण पाहत होते आणि एरवी घरी जाऊन टाके घालायचे मनात आले असते, तिथे हा माणूस मला ठाऊक आहे का, असा विचार येत होता. निमूटपणे संसार केल्याचे हेच फळ काय?

माईंना काय सांगायचे, हा विषय आज नको.

काल पुन्हा फोन केला, तेव्हा मॅडमनी न कंटाळता समजावले. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या शरीरात मात्र तो वर्षानुवर्षे लपून राहू शकतो, म्हणून तो कधी व कोणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. म्हणजे संशय घ्यायचीही सोय राहिली नाही.

माझ्या पेशींतील बदल सौम्य आहे आणि विषाणूचे अधिक धोक्याचे १६ व १८ हे प्रकार सापडलेले नाहीत. तरीही सोमवारी रत्नागिरीला कॉल्पोस्कोपी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अॅसेटिक अॅसिड लावून भिंगातून पाहतात. संशयास्पद भाग पांढरा दिसतो आणि गरज वाटल्यास तेथील तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बायोप्सीसाठी घेतात. पेशींतील कर्करोगपूर्व बदलाला सीआयएन म्हणतात आणि १ ते ३ अशा त्याच्या चढत्या पायऱ्या असतात. सीआयएन १ निघाले तर सहसा उपचार न करता वर्षाने पुन्हा तपासणी करतात. २ किंवा ३ निघाले तर बहुधा तेवढा भाग काढून टाकतात. हे ॲसिड म्हणजे ह्यांना नूडल्सवर लागते त्या व्हिनेगरमधलेच, हे कळल्यावर मला उगाच हसू आले.

ह्यांना विचारावे, असे अजूनही दिवसातून अनेकदा वाटते. पण "तुझ्याकडूनच मला आला नसेल कशावरून?" असे ह्यांनी उलट विचारले, तर माझ्यापाशीही पुरावा नाही.

तपासणीआधी दोन दिवस शरीरसंबंध टाळण्याची सूचना आहे. रिपोर्ट आल्यापासून मी ह्यांच्याशी धड बोललेलेही नाही, तेव्हा ती पाळणे जड जाणार नाही.