देवळालीचा ताप

बुधवार, रात्री साडेदहा

दुपारच्या कॉलवर लीड्सची सहकारी वैतागून म्हणाली, प्रिंटर सकाळपासून ‘डुलाली’ झालाय. पुढची दोन मिनिटं कोण काय बोललं ते मी ऐकलंच नाही. मी देवळाली कॅम्पात वाढले, आणि तो शब्द आमच्या गावाचा आहे.

इंग्रजांच्या बोलण्यात तो सर्रास येतो. डोकं फिरलेला माणूस डुलाली, भलतंच काही करायला लागलेलं यंत्रही डुलाली. मूळ मात्र गोऱ्या शिपायांच्या बोलीतलं आणि पुरतं रूप ‘डुलाली टॅप’. हिंदुस्थानातली मुदत संपलेल्या शिपायांना मायदेशी धाडण्याआधी देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. पण पलटणी नेणारी जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढीच सुटायची. एप्रिलात मुदत संपली की ऑक्टोबरपर्यंत तिथेच बसायचं. 1902 नंतर हिंदुस्थानात नोकरी केलेल्या एका शिपायाने आठवणींत लिहिलंय, की या लोकांकडे ना हत्यारं असत ना फारसं काम. वर्षानुवर्षं चांगलं वागलेली माणसं घरी जायच्या तोंडावर भानगडीत सापडून तुरुंगात जात. जहाजाची वाट बघून बघून डोक्यावर परिणाम होई, त्यातूनच हा शब्द आला असावा, असं त्याचं मत.

मला ते पटतं. देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असं कुणी ठोकून दिलं की फार लागतं. मुंबईची माणसं हवापालटाला येत ते हे गाव. वेड लावलं ते त्या रिकाम्या सहा महिन्यांनी.

आणि तो ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! मला ताप चढला की आजी मिठाच्या पाण्यात सुती फडकं पिळून कपाळावर ठेवायची, दर थोड्या वेळाने उलटं करायची. ‘डोक्याला ताप’ तर आपण दिवसातून दहादा म्हणतो. इंग्रजांनी पुढे हा अर्धा भाग टाकून दिला आणि नुसतं गाव ठेवलं.

संध्याकाळी लीड्सच्या सहकारीला हे सगळं कळवलं. तिने गावाचं खरं नाव कसं म्हणायचं ते विचारलं, म्हणून माझ्या आवाजात पाठवलं. तिच्याकडून तीनदा ‘देवलाली’ आलं, चौथ्यांदा ‘देवडाली’. ‘ळ’ला जीभ कुठे टेकते ते उद्या कॅमेऱ्यासमोर दाखवणार आहे.