लुटेशियम-176: 509 केईव्हीच्या शिखराचा उलगडा

मागच्या नोंदीत किरणोत्सारी लुटेशियम-176 च्या गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या आलेखात 509 केईव्हीजवळच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) ज्या लहान शिखराचा अर्थ लागत नव्हता, त्यावर गेले दोन आठवडे काम केले. मांडणी तीच आहे: गॅमा किरण टिपणारा दोन इंची सोडियम आयोडाइडचा स्फटिक, भोवती शिशाच्या विटा आणि स्फटिकाच्या तोंडाशी टेकवलेला पाच ग्रॅम लुटेशियमचा पातळ पत्रा. नैसर्गिक लुटेशियममध्ये लुटेशियम-176 सुमारे 2.6 टक्केच असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे 3,700 कोटी वर्षे असल्यामुळे या पत्र्यात सेकंदाला जेमतेम अडीचशे विघटने होतात. म्हणून प्रत्येक मोजणी 24 तास चालवली आणि तेवढ्याच वेळेची पार्श्वभूमी वजा केली.

बीटा विघटनात लुटेशियमचे केंद्रक इलेक्ट्रॉन बाहेर टाकते आणि त्यातून बनलेले हाफ्नियम-176 चे केंद्रक जवळजवळ नेहमी 597 केईव्हीच्या पातळीवर येते. तिचे स्पिन, म्हणजे केंद्रकाचा कोनीय संवेग, 6 आहे. तिच्याखाली 290 वर स्पिन 4, 88 वर स्पिन 2 आणि तळाशी स्पिन 0, आणि चारही पातळ्यांची पॅरिटी (अवकाश उलटवल्यावर अवस्थेचे चिन्ह बदलते की नाही हे सांगणारा गुण) धन आहे. या शिडीत विषम स्पिन नाहीत, याचे कारण केंद्रकाच्या आकारात आहे: ते लांबट असून त्याची दोन्ही टोके सारखी आहेत, त्यामुळे ते उलटे फिरवले तरी काही बदलत नाही आणि विषम स्पिनच्या अवस्था गळून पडतात. आदर्श घूर्णकाच्या (फिरणाऱ्या ताठ वस्तूच्या) ऊर्जा 6 : 20 : 42 या प्रमाणात असायला हव्यात, प्रत्यक्षात त्या 6 : 19.7 : 40.5 येतात. घरच्या टेबलावर हे गुणोत्तर इतके जुळलेले पाहणे मला या छंदातले सर्वांत मोठे समाधान वाटते.

आता निवड नियमांकडे, म्हणजे कोणती संक्रमणे होऊ शकतात हे ठरवणाऱ्या नियमांकडे, वळू. बाहेर पडणाऱ्या फोटॉनने (गॅमा किरणाच्या कणाने) निदान दोन स्पिनमधल्या फरकाएवढा कोनीय संवेग न्यावाच लागतो. 6 वरून 4 वर येताना तो फरक 2 आहे आणि पॅरिटी बदलत नाही, म्हणून विद्युत चतुर्ध्रुव संक्रमण होते. लगतच्या पातळ्यांमधल्या फरकांच्या 307, 202 आणि 88 या तिन्ही रेषा याच जातीच्या आहेत. 6 वरून थेट 2 वर (597 वरून 88 वर, म्हणजे 509 ची) उडी घ्यायची तर फोटॉनला 4 एकके न्यावी लागतात. या ऊर्जेच्या फोटॉनची तरंगलांबी केंद्रकाच्या व्यासाच्या शंभर पटींहून मोठी असल्यामुळे प्रत्येक वाढीव एककागणिक संक्रमणाचा वेग हजारो पटींनी घटतो. म्हणजे 509 ची थेट रेषा माझ्या उपकरणात दिसणे शक्यच नाही, आणि तरीही नेमके त्याच जागी शिखर होते.

संशय बेरजेचा होता: 307 आणि 202 चे फोटॉन एकाच विघटनातून जवळजवळ एकाच क्षणी निघतात, आणि दोन्ही स्फटिकात अडकले तर उपकरण 509 अशी एकच नोंद करते. याची कसोटी अंतराने होते. पत्रा पाच सेंटिमीटर मागे नेल्यावर 307 चे शिखर सुमारे आठव्या हिश्श्यावर आले, तर 509 चे साठाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे जवळपास वर्गाच्या प्रमाणात. थेट रेषा असती तर दोन्ही शिखरे सारखीच घटली असती.

मला अधिक पटलेला पुरावा मात्र 395 जवळचा आहे. 88 आणि 307 यांची बेरीज 395 होते, पण शिडीतल्या कोणत्याही दोन पातळ्यांमध्ये एवढे अंतर नाही. तिथला उंचवटा रुंद आहे. डावीकडे हाफ्नियमच्या 55 च्या क्ष-किरणाची 307 शी झालेली 362 ची बेरीज त्याला चिकटते आणि उजवीकडे 401 ची अत्यंत क्षीण खरी रेषा आहे. पत्रा मागे नेताच हा उंचवटा जवळजवळ सपाट झाला. 88, 202 आणि 307 यांच्या बेरजेचे 597 चे तिहेरी शिखर तर पार्श्वभूमीतल्या 583 आणि 609 च्या रेषांमध्ये हरवले, म्हणून त्यावर मी काही दावा करत नाही.

पुढच्या टप्प्यात दुसरा स्फटिक जोडून 202 आणि 307 ची एकत्रित गणना (दोन स्फटिकांत एकाच वेळी आलेल्या नोंदींची) 90 आणि 180 अंशांवर घेणार आहे. सलग दोन चतुर्ध्रुव संक्रमणांसाठी 180 अंशांवर एक षष्ठांश जास्त गणना अपेक्षित आहे. स्फटिक जवळ ठेवल्यास हा फरक पुसट होतो, म्हणून दोन्ही स्फटिक दूर ठेवून मोजणी अनेक दिवस चालवावी लागेल.