तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा काय म्हणाले?

माझ्या नाटकाचा विषय निघाला की हे येतंच. "वडिलांनी पाहिलं का? काय म्हणाले?" विचारताना डोळ्यांत जरा चमक असते.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातून बाहेर आल्यावर अण्णांनी चहा घेतला आणि म्हणाले, "दुसऱ्या अंकात गिरणीचा भोंगा उशिरा वाजला." संपलं.

हो, नाटकातला बाप तेच. युनियनचे होलटायमर, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्ते. (ही 'कन्यादान'ची नक्कल म्हणणाऱ्यांना एवढंच, की तेंडुलकरांचा नाथ देवळालीकर आमदार आहे, त्याचं घरभाडं थकत नाही.) गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याला आमच्याकडे पैसे नसायचे, पण १२ जानेवारीला चार पुतळ्यांना हार चुकला नाही. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. १९३१ला येरवड्यात फाशी गेलेल्यांची ही नावं मला पाढ्यांआधी पाठ होती. नाटकात मी त्यावर हशा वसूल केला. आज केला असता? बहुतेक केला असता.

आईचं मात्र कुणी विचारत नाही.

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, दिवसाला हजार. नाटकात मुलगा बापाला सुनावतो, "तुमच्या क्रांतीचं भाडं आईनं भरलं!" कडकडून टाळ्या पडल्या. विंगेत मी तरंगत होतो.

रात्री घरी आई म्हणाली, "तुझ्या नाटकातली बाई एवढी का रडते रे?"

"ती तू नाहीस," मी म्हणालो.

"मग सूप माझं कशाला नेलंस?"

खरंच तिचंच नेलं होतं. खरं दिसावं म्हणून.

"कारखान्यात विड्या जास्त बाद करायला लागले तेव्हा पंधरा बायका घेऊन दारात बसले होते मी. तू मांडीवर झोपला होतास. तुझे अण्णा गावात नव्हतेच. आणि भाडं मी माझ्या मनानं भरलं, कुणी भरायला लावलं नाही. तेवढं नाटकात बसलं नाही व्हय?"

मी सांगायला लागलो, की नाटक बाप-लेकाचं आहे, तिसरा धागा घेतला की पसरट होतं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता पदरानं सुपाला लागलेली मेकअपची पावडर पुसत होती.

दुसऱ्या प्रयोगाआधी ते वाक्य काढायला घेतलं. नट अडून बसला, टाळीचं वाक्य आहे म्हणाला. म्हणून ठेवलं. नाही, नटाचं नाव कशाला पुढे करू, मीच ठेवलं.

सूप तेवढं बाजारातून नवं आणलं.