आडवी माणसं आणि डबल ब्रेस्ट

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात दुपारी पँटची उंची कमी करून घ्यायला गेलो होतो. शेजारी एक गृहस्थ लेकाच्या रिसेप्शनसाठी कोट बघत होते. अंगाने भरलेले, उंचीला बेताचे. हँगरवरच्या डबल ब्रेस्टला, म्हणजे बटणांच्या दोन रांगांच्या, पुढे कापडावर कापड येणाऱ्या कोटाला, त्यांनी नुसता हात लावला तर सेल्समन म्हणाला, "काका, हा तुम्हाला नको. यात आणखी आडवे दिसाल." काकांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि निमूटपणे दोन बटणांचा काळा सिंगल ब्रेस्ट घेतला. तोच, जो घालून निम्मा महाराष्ट्र रिसेप्शनला उभा असतो.

मला राहवत नव्हतं, पण परक्या माणसाच्या पोटाबद्दल भर दुकानात काय बोलणार? म्हणून इथे बोलतो.

आमचा अण्णाकाका चांगला आडवा होता. आजी म्हणायची, "त्याला कशाला बटणांच्या दोन-दोन रांगा? एक लागता लागत नाही." पण लग्नात डबल ब्रेस्टच घालायचा हा त्याचा हट्ट होता. सोलापूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलरमास्तर होते. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि कारागिरावर ओरडायचं झालं तर दोन्ही. ट्रायलला काका मला घेऊन गेला. कच्च्या टाक्यांचा कोट, एकच बाही लावलेली, खडूच्या रेघा, कॉलरच्या जागी नुसतं कॅनव्हास. काकाने आरशासमोर उभं राहून श्वास रोखला. मास्तर टेप गळ्यात टाकून बघत राहिले, मग म्हणाले, "अण्णा, पोट सोडा. पोट ज्याचं त्याचं. कोट मी शिवतोय ना?"

आणि शिवला. काय केलं ते तेव्हा कळायचं माझं वय नव्हतं. पुढे जमतील तेवढ्या टेलरांना पिडून समजून घेतलं. बटणांच्या दोन रांगा जरा जवळ घेतल्या. लावायचं बटण थोडं खाली आणलं, म्हणजे लॅपलची, कॉलरखालच्या उलटवलेल्या पट्टीची, तिरकी रेघ खांद्यापासून कमरेपर्यंत लांबलचक उतरते आणि बघणाऱ्याची नजर आडवी फिरायच्या ऐवजी त्या रेघेवरून घसरत खाली जाते. लॅपलची टोकं वर, खांद्याकडे रोखलेली. कोटाची लांबी बसायचा भाग झाकेल एवढीच, एक बोट जास्त नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोट पोटावर ताणला जाऊ दिला नाही. सिंगल ब्रेस्टचं दुखणं असं की बटणाच्या खाली तो फाकतो आणि तिथून शर्टाचा पांढरा त्रिकोण आणि टायचं शेपूट बाहेर डोकावतं, नेमकं पोटावर. जे लपवायचं त्याच्यावरच बाण काढून ठेवल्यासारखं. डबल ब्रेस्टमध्ये ही भानगडच नाही. एकावर एक कापड, सगळं बंद.

हे 'एकावर एक' नीट बसावं म्हणून आत एक गुपित बटण असतं. बाहेरून दिसत नाही. आतली बाजू ते धरून ठेवतं, नाहीतर ती लोंबते आणि सगळा कोट एका अंगाला कलतो. मास्तर त्या बटणाला दोऱ्याचे वेढे देऊन उंच पाय करायचे, जाड कापडात ते रुतू नये म्हणून. काकाचा हात पोटाला वळसा घालून तिथवर सुखाने पोचायचा नाही, त्यामुळे ते लावायचं काम माझ्याकडे. जानवशात मी त्याच्या कोटात डोकं घालून, नॅप्थलीन आणि अत्तराच्या वासात काज शोधतोय आणि वरून काका ओरडतोय, "अरे लागलं का? लोक खोळंबलेत!" हे मला त्याच्या लग्नातल्या मंगलाष्टकांपेक्षा जास्त आठवतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. डबल ब्रेस्ट उघडा टाकून फिरणारा माणूस मला बघवत नाही. सिंगल ब्रेस्टचं बटण बसताना सोडायचं असतं, डबल ब्रेस्टचं बसतानाही सोडायचं नसतं. मांडवात उघड्या डबल ब्रेस्टमध्ये जिलबी खाणारा नवरदेवाचा मामा दिसला की मला उठून त्याची बटणं लावावीशी वाटतात. बायको माझा हात धरून ठेवते.

या कोटाची बदनामी केली ती हिंदी सिनेमातल्या स्मगलरांनी, आणि नंतर 1990च्या आसपासच्या त्या पोत्यासारख्या कोटांनी. खांद्यात उशा, लांबी मांडीपर्यंत. त्यात कुणीही कपाटच दिसणार. एरवी कोट सगळ्यांना पुरून उरणारा आहे. बॅरिस्टर जीनांचे फोटो बघा. माणूस काडीसारखा, पण छातीवरच्या जादा कापडाने भरल्यासारखा दिसतो. ब्रिटनच्या चार्ल्स राजांनी तर तरुणपणापासून हाच कोट धरला आहे, फॅशन आली काय नि गेली काय. त्यांच्याच घराण्यातल्या केंटच्या ड्यूकने, जॉर्जने, फक्त खालचं बटण लावायची टूम रूढ केली. तीच ती रेघ लांबवायची युक्ती, आमच्या मास्तरांची. त्याच देशात 1942 मध्ये युद्धामुळे कापड वाचवायला सरकारने डबल ब्रेस्ट शिवायलाच बंदी घातली होती. पँटची दुमडही गेली, कोट एकेरी झाले. म्हणजे हा कोट थोडा उधळ्याच, हे मान्य.

पण एकावर एक कापड घ्यायला आपल्याला साहेबाने थोडंच शिकवलं? संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत जा. सात नंदीध्वज निघतात, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणून गाव दुमदुमतं, आणि रस्ताभर पांढरी बाराबंदी. बटण नाही, नुसते बंद. पोट वाढलं तर बंद सैल बांधा, उतरलं तर आवळून घ्या. पैलवान, मारवाडी पेढीवरचे मुनीम, किडकिडीत कॉलेजकुमार, सगळे त्याच कपड्यात, आणि त्या दिवशी कुणालाही 'आडवा दिसतोस' म्हणायची कुणाची टाप नसते. अण्णाकाका यात्रेतल्या अडुसष्ट लिंगांच्या वाटेने बाराबंदीत चालायचा तेव्हा लोक त्याला बाजू होऊन वाट द्यायचे.

त्याची मुलगी, माझी चुलत बहीण, बापाच्या अंगाची. बापाला कोट मिळाला, तिला सल्ले मिळाले. आडव्या काठाची साडी नको. मोठी फुलं नकोत. गडद नेस, बारीक दिसशील. सावळीही आहे, तर पिवळं नको. हे सांगणाऱ्या बायका स्वतः काही शेलाट्या नव्हत्या. घरातल्या अल्बममध्ये ती सगळीकडे मागच्या रांगेत आहे, कुणाच्या तरी खांद्याआडून, निळ्या-काळ्या कशात तरी. तिला हळदीचा रंग फार आवडायचा. मीही तिला तेव्हा कधी म्हणालो नाही की नेस.

आता तिची मुलगी नोकरीला लागली आहे. तशीच, आडवी. तिने पहिल्या पगारातून ब्लेझर मागवला, डबल ब्रेस्ट, रंग मोहरीच्या फुलांचा. घालून बाहेरच्या खोलीत आली, बटण लावून. कुणी काही बोललं नाही. तिची आई बघतच राहिली. मी आपला सवयीने म्हणालो, "आतलं बटण लावलंस का?"

तिने कोट उघडून दाखवला. आत बटणच नव्हतं. रेडिमेडला हल्ली देत नाहीत म्हणे.